चित्रातला दरबार आणि चित्रकाराची जागा

तहाच्या प्रसंगाचे चित्र समोर आले की आपण त्यातील माणसे ओळखू लागतो. चित्रकार त्या वेळी कोठे होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासाच्या अभ्यासात मात्र हाच प्रश्न आधी विचारावयास हवा.

डच चित्रकार गेरार्ड टेर बोर्ख याने अशा एका सभेचे चित्र काढले आहे. १५ मे १६४८ रोजी म्युन्स्टरच्या नगरसभागृहात स्पेन व डच प्रजासत्ताक यांच्या वकिलांनी तहावर शपथ घेतली आणि ऐंशी वर्षांचे युद्ध संपले. तांब्याच्या लहानशा पत्र्यावर रंगविलेल्या त्या दाटीत, डाव्या कडेला, टेर बोर्खने स्वतःचाही चेहरा रंगविला आहे. ती जणू साक्षीदाराची सहीच होय.

आपल्या इतिहासातील याच जातीचे चित्र म्हणजे थॉमस डॅनियलने रंगविलेला पुण्याचा दरबार. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज एकत्र आले, त्या १७९० च्या तहाचा हा प्रसंग. सोळा वर्षांचे सवाई माधवराव, नाना फडणीस आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ही त्यातील मुख्य पात्रे. परंतु डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने ज्याच्या रेखाटनांचा आधार घेतला, तो जेम्स वेल्सही १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि त्यानंतर पुण्यास गेला. त्याने चेहरे व वास्तू प्रत्यक्ष पाहून टिपल्या. प्रसंग मात्र त्याने पाहिला नव्हता. १७९५ मध्ये वेल्स आणि सवाई माधवराव दोघेही निवर्तले, १८०० मध्ये नानाही गेले. चित्र पुरे झाले ते १८०५ मध्ये, लंडनला.

इंदूरच्या वाचकाने या १८०५ सालाशी थोडे थांबावे. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून जाळले होते. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या आश्रयास गेली होती. आणि चित्रातील स्नेहाचे रंग वाळत होते त्याच वर्षी यशवंतराव होळकर इंग्रजांशी झुंजत भरतपुराहून पंजाबाकडे सरकत होते. राजघाटचा तह झाला तो १८०५ च्या डिसेंबरात.

म्हणून हे चित्र टाकाऊ ठरत नाही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. तेथील खांब, कमानी, बैठकीची रीत यांसाठी वेल्सच्या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. वास्तूची साक्ष मानावी. सलोख्याची साक्ष मात्र चित्र कोणासाठी व केव्हा काढले, हे पाहूनच मानावी.

होळकरांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतही दरबाराची, दसऱ्याच्या स्वारीची, लग्नसमारंभाची जुनी छायाचित्रे भिंतीवर असतात. त्यांतील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर चौकटीमागे नावे, स्थळ, साल आणि छायाचित्र कोणी काढविले, एवढे तरी लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला त्याच चार ओळींवरून साक्ष पारखता येईल.