काचेतले लोखंड

श्रोतेहो, खिडकीचे एखादे फुटके तावदान जपून हातात घ्या. समोरून पाहाल तर ते पाण्यासारखे स्वच्छ. पण कडेने पाहा, हिरवी झाक दिसेल. ही झाक आली कुठून? ती आली वाळूतल्या लोखंडातून! वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवले की काच होते, आणि वाळूबरोबर थोडे लोह आलेच. हजार भागांत एक भाग लोह असले तरी एवढा रंग चढतो.

हे लोह काचेत दोन रूपांनी नांदते. भट्टीत प्राणवायू भरपूर मिळाला तर त्याचा रंग फिका पिवळसर. कमी पडला तर निळसर-हिरवा, आणि तो चांगला गडद. काच म्हणजे सिलिकॉन व प्राणवायू यांच्या अणूंचे जाळे. पिवळे लोह बरेचसे त्या जाळ्याच्या विणीतच शिरते. हिरवे लोह बहुधा विणीतल्या मोकळ्या जागी बसते आणि वीण सैल करते.

हा रंग घालवण्याची खटपट फार जुनी. रोमन कारागीर त्यासाठी रसात अँटिमनी किंवा मँगेनीज घालीत. पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर ‘क्रिस्टालो’ नावाची निर्मळ काच झाली. तिच्यासाठी वाळूऐवजी नदीतल्या पांढऱ्या गारगोट्या कुटून घेत. मँगेनीज लोहाला हिरव्याचे पिवळे करते, आणि उरलेली झाक आपल्या जांभळ्या छटेने झाकते.

म्हणजे लोह हा काचेचा शत्रूच म्हणायचा? थांबा. काचेच्या भट्टीपुढे वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू होई. ज्यांच्या हातून जगाला आरसे आणि भिंगे मिळाली, त्यांचीच दृष्टी जाई! इंग्लंडात रॉयल सोसायटीच्या समितीसाठी सर विल्यम क्रुक्स यांनी हा प्रश्न हाती घेतला. काचेत नाना धातू मिसळून त्यांनी शेकडो नमुने तपासले आणि 1914 साली आपले निष्कर्ष छापले. भट्टीतून डोळ्याला न दिसणारे उष्ण किरण येतात. ते अडवण्यात उपयोगी पडले ते हेच हिरवे लोह. उष्णतेचा 90 टक्क्यांहून अधिक भाग अडवणारी चष्म्याची काच त्यांनी सिद्ध केली. ज्याला घालवण्यात पिढ्या खपल्या, तेच डोळ्यांचे राखणदार ठरले!

आज गावोगावी घरांच्या छपरांवर सूर्यऊर्जेची तावदाने दिसतात. तिथे ऊन अडून चालत नाही. म्हणून त्यांवरच्या काचेत लोह मुद्दाम अगदी कमी ठेवतात. गुरुजींनो, वर्गात एखादे तावदान कडेने धरून दाखवा आणि मुलांना विचारा: लोह मित्र की शत्रू? उत्तर एकच : काम कोणते, ते आधी सांगा!