पुण्याचं पाणी आणि हिवाळी पाहुणे

थंडी पडली की मला एकच मेसेज सारखा येतो: "ताई, पुण्यात पक्षी बघायला कुठे जाऊ?" मी ठरलेली नावं सांगते. पाषाण तलाव, येरवड्याचं डॉ. सालिम अली अभयारण्य, कवडीपाट, आणि अख्खा दिवस मोकळा असेल तर भिगवण. आज मात्र यातल्या एकाही ठिकाणी कुठला पक्षी दिसतो ते सांगणार नाहीये. या जागा मुळात आल्या कुठून, ते बघू.

पाषाणपासून सुरू करू. रामनदीवर बांध घालून हा तलाव इंग्रजांनी केला, तो गणेशखिंडीतल्या गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्याला पाणी मिळावं म्हणून. तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. बदकं आली ती बिनबोलावता. वरून गाळ येत गेला, काठ उथळ झाला, पाणवनस्पती वाढल्या. पाणपक्ष्यांना नेमकं हेच लागतं. तुतारीसारख्या चिखलपक्ष्याची चोच केवढी, पाय केवढे! खोल पाण्यात तो करणार काय? म्हणून तलाव 'सुंदर' करायला काठ दगडांनी बांधून काढले, की पक्षी निघून जातात. माणसाला जे घाणेरडं वाटतं, ते त्यांचं जेवणाचं ताट असतं.

(तळं बुजवायचा इतिहासही पुण्याला आहे, बरं का. सारसबागेतल्या गणपतीला जुने लोक 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तिथे नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं खरंखुरं तळं होतं. आता हिरवळ आहे आणि भेळ आहे.)

रामनदी पुढे मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला. मग येतो बंडगार्डनचा बंधारा. १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून तो झाला, कॅम्पाला पाणी हवं म्हणून. बागेच्या नावातला 'बंड' तो हाच. येरवड्याचं अभयारण्य इथून थोडं खाली, नदीकाठच्या दलदलीत.

आणखी खाली, सोलापूर रोडला, कवडीपाट. पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला रुमाल लावला होता. शहराचं सांडपाणी, बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस, झाडाझुडपांना लटकलेल्या पिशव्या. आणि त्या सगळ्यात शांतपणे पोहणारी चक्रवाकांची नारिंगी जोडी. हे पक्षी हिमालयापलीकडून येतात. मला आधी आनंद झाला, मग लाज वाटली. दोन्ही एकदम झालं म्हणा ना.

हेच पाणी पुढे भीमेला मिळतं आणि उजनीत जातं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. सोलापूरकडच्या शेतीसाठी केलेलं हे धरण. त्याचा फुगवटा पार भिगवणपर्यंत मागे आला आणि उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की मैलोन् मैल चिखल उघडा पडू लागला. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तिथेच उतरतात. रील्समधलं ते गुलाबी भिगवण धरणाने तयार केलंय.

पण तिथे आधी गावं होती. माझ्या आजीचं माहेर त्यातलंच एक, पळसदेवच्या अलीकडे. माणसं उठून वर नव्या गावठाणात गेली. शेतं गेली तसे काही जण मासेमारीला लागले. आज पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवणाऱ्यांत अशा घरातली पोरंही आहेत.

२०२३ ला पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उण्यात गेलं. म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचा मृतसाठा तेवढा राहिला. पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर आलं. मी आजीला घेऊन गेले. खरं सांगू? मला फ्लेमिंगोचे फोटो हवे होते, आजी निमित्त होती.

होडीवाल्या पोराने लांबूनच थवा दाखवला. "आजी, ते बघा रोहित!" आजीने नुसती मान हलवली. तिची नजर देवळाच्या शिखरावर होती. शिखर कुठे, टेकडी कुठे, असं बोटाने मापत ती पुटपुटत होती. मग एकदम म्हणाली, "इंजन बंद कर रं बाळा."

त्याने केलं.

"हितं आमची इहीर व्हती," आजी म्हणाली. "गोडं पाणी. उन्हाळ्यातबी आटत नव्हतं."

पोराने विचारलं, "कोणाची विहीर, आजी?" आजीने वडलांचं नाव सांगितलं. त्याने ते ऐकलं होतं, त्याच्या आज्याच्या तोंडून. मग दोघं कोण कुणाचं कोण लागतं ते जुळवत बसले. मधे कधीतरी थवा उडाला. कॅमेरा माझ्या मांडीवरच होता.