कोयनेचा हादरा आणि मज्जातंतूंचा निरोप

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली. ‘एका क्षणात सारे झाले’ असे आपण तेव्हापासून म्हणत आलो आहोत. पण हा क्षण केवढा होता?

भूकंपाच्या लाटा मुख्यतः दोन. पहिली खडकाला दाबत सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. दुसरी आडवे हिसके देत साडेतीन किलोमीटरने मागून येते आणि नासधूस बहुधा तीच करते. सांगली तेथून सरळ रेषेत सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे पहिली लाट तेथे १८ सेकंदांत पोचावी, दुसरी ३० सेकंदांत. साताऱ्यात दोहोंमधली सवड जेमतेम ५ सेकंद, कोयनानगरात एक-दोन.

आता पळणाऱ्याच्या अंगातला जासूद किती चपळ? योहानेस म्यूलर ह्या थोर अध्यापकांना तो वेग कधी मोजता येईल असे वाटत नव्हते. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८५० साली कोनिग्सबर्ग येथे तो मोजला. बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूला एकदा स्नायूजवळ व एकदा दूर विजेचा चटका देऊन, स्नायू आखडण्यास लागलेल्या वेळांतला फरक त्यांनी टिपला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. विजेचा निरोप, आणि धाव आगगाडीची! गारठ्यात तर तो आणखी मंदावतो. कारण तारेत वाहते तशी वीज तंतूत वाहत नाही. तंतूचा एकेक भाग क्षारांच्या कणांची ये-जा करून पुढच्या भागाला जागे करतो. माणसाच्या जाड, वेष्टणयुक्त तंतूंत हा वेग १०० मीटरपर्यंत जातो; ठणका वाहणाऱ्या बारीक तंतूंत तो मीटरभरच असतो. ठेच लागल्याचे आधी कळते आणि कळ मागाहून येते, ती ह्यामुळेच.

सेकंदाला ५० मीटर धरले तर पायापासून मेंदूपर्यंत निरोप सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात जातो. (असाच तंतू कोयनेपासून सांगलीपर्यंत ताणला, तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागेल!) तेव्हा दोष मज्जातंतूंचा नव्हे. झोपेतून उठणे, उमगणे, अंधारात कडी शोधणे ह्यातच सेकंद जातात.

बिनतारी संदेश मात्र दोन्ही लाटांना मागे टाकतो. मेक्सिको शहराने १९९१ पासून व जपानने २००७ पासून लोकांना सावध करण्यासाठी त्याचा उपयोग केला. सांगलीसारख्या अंतरावर त्याने काही सेकंद हाती लागतात. धक्क्याच्या माथ्यावरच्या गावाला तेही लाभत नाहीत. आणि कोयनेच्या खोऱ्यात त्या पहाटे कोसळलेल्या पुष्कळ भिंती मातीत बसविलेल्या दगडांच्या होत्या.