मणक्यातलं सिमेंट

आत्याच्या स्तनाच्या कॅन्सरने मणका गाठला तेव्हा तिला कुशीवर वळणंही अशक्य झालं. डॉक्टर म्हणाले, पाठीतून सुई घालून मणक्यात सिमेंट भरू. लगेच आत्याचा मला फोन. "अरे, सिमेंट भरणार म्हणे! मी काय भिंत आहे?" कॉम्प्युटरवाला भाचा म्हणजे सगळं ठाऊक असणार, हा तिचा जुना गैरसमज. मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

तर हे सिमेंट बांधकामाचं नव्हे. ते आहे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ज्याच्या कवळ्या बनतात तेच अ‍ॅक्रिलिक. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या हाडांच्या सर्जननी १९५८ च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायला ते वापरलं. पावडर आणि द्रव एकत्र केले की आधी कणकेसारखा गोळा होतो आणि काही मिनिटांत दगड.

१९८४ साली फ्रान्समधल्या आमिएँ गावी न्यूरोसर्जन गालिबेर आणि रेडिओलॉजिस्ट देरामाँ यांच्यासमोर मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ असलेली एक बाई होती. गाठ कॅन्सरची नव्हती, पण दुखणं भयंकर. त्यांनी सुईतून मणक्यात हे सिमेंट सोडलं आणि दुखणं थांबलं! १९८७ मध्ये त्यांनी ते छापलं. हीच व्हर्टिब्रोप्लास्टी. पुढे आधी फुगा फुगवून जागा करायची आणि मग सिमेंट भरायचं, अशी कायफोप्लास्टी आली.

दुखणं थांबतं कसं? कॅन्सर हाड पोखरतो, त्यात बारीक भेगा पडतात आणि प्रत्येक हालचालीला त्या हलतात. सिमेंट त्यांना जखडून ठेवतं. धोका आहेच. ते बाहेर गळून मज्जारज्जूवर दाब आणू शकतं किंवा शिरेतून फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून एक्स-रेवर दिसणारं बेरियम त्यात मिसळतात आणि पडद्यावर बघत बघत थोडं थोडं भरतात.

दुसरी वाट उष्णतेची. १९९२ मध्ये बॉस्टनच्या रोझेन्थाल यांनी हाडातली एक साधी गाठ रेडिओ लहरींच्या सुईने जाळल्याचं छापलं. २००४ च्या एका अभ्यासात तेच तंत्र हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या ४३ रुग्णांवर वापरलं, तेव्हा ९५ टक्क्यांचं दुखणं बरंच उतरलं. २०१२ मध्ये अमेरिकेने एमआरआयखाली अल्ट्रासाउंडच्या लहरी एका जागी एकवटून हाडातलं दुखणं कमी करायला परवानगी दिली. त्यात सुईसुद्धा नाही!

मी इंजिनियर, त्यामुळे टेस्टिंगचं विचारणारच. २००९ मध्ये दोन चाचण्यांत ठिसूळ हाडांच्या रुग्णांवर खोटी व्हर्टिब्रोप्लास्टी केली, म्हणजे सगळा देखावा, सिमेंट मात्र नाही. फायदा दोन्हीकडे सारखाच! मी घाबरलो. पण ते रुग्ण कॅन्सरचे नव्हते. २०११ च्या चाचणीत मणका मोडलेले १३४ कॅन्सर-रुग्ण होते. महिन्याभरात कायफोप्लास्टीवाल्यांचा पाठीच्या त्रासाचा आकडा २४ पैकी १७.६ वरून ९.१ वर आला, बाकीच्यांचा १८ च्या आसपासच राहिला. अर्थात तिथे खोटी शस्त्रक्रिया नव्हती, तेव्हा मनाचा भाग किती हे त्यातून कळत नाही.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, "म्हणजे कॅन्सर जाईल?" म्हटलं, नाही आत्या. आमच्या भाषेत हा बग फिक्स नव्हे, वर्कअराउंड आहे. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बसता आलं तरी पुष्कळ."

सिमेंट भरल्यावर चौथ्या दिवशी आत्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. दिवाळीत तिने करंज्यांना मुरड घातली, माझी एक फुटली म्हणून हसलीही. होळीच्या आधी ती गेली. औषधाने माणूस वाचला की नाही एवढंच विचारायची आपल्याला सवय. मी हल्ली विचारतो, उरलेले महिने कसे गेले?

असो. यावेळी एवढंच.