भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे केंद्र व राज्य शासनांच्या जमाखर्चाचे लेखापरीक्षण करणारे घटनात्मक पद आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये त्याची तरतूद आहे. लोकप्रतिनिधींनी मंजूर केलेला पैसा मंजूर कारणासाठी व नियमानुसार खर्च झाला की नाही, याचा अहवाल विधिमंडळापुढे यावा, हा या पदामागील हेतू होय. ‘नियंत्रक’ हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. ब्रिटनमध्ये याच नावाच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय सरकारी निधीतून पैसा निघत नाही; भारतात तसा अधिकार नसून तपासणी खर्च झाल्यानंतरच होते.

स्वातंत्र्य व नियुक्ती

महालेखापरीक्षक हे पद ब्रिटिश राजवटीत १८६० मध्ये निर्माण झाले. संविधान सभेत ३० मे १९४९ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या अधिकाऱ्यास संविधानातील बहुधा सर्वाधिक महत्त्वाचा अधिकारी मानले होते. त्याला न्यायसंस्थेइतके स्वातंत्र्य देण्यात आलेले नाही, याबद्दल त्यांनी त्याच भाषणात असमाधान व्यक्त केले.

नियुक्ती राष्ट्रपती करतात. मुदत सहा वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत असते. पदावरून दूर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेलीच पद्धत अवलंबावी लागते. कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या एकत्रित निधीवर प्रभारित असल्याने त्यावर संसदेत मतदान होत नाही, आणि निवृत्तीनंतर केंद्र वा राज्य शासनाचे कोणतेही पद स्वीकारता येत नाही. ही तटबंदी भक्कम असली तरी तिचे प्रवेशद्वार सरकारच्याच हाती आहे: नियुक्तीसाठी निवड समिती नाही, राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्यानुसार निर्णय घेतात.

कार्यपद्धती

राज्यांमधील काम महालेखाकारांच्या कार्यालयांमार्फत चालते. महाराष्ट्रात ती मुंबई व नागपूर येथे आहेत. राज्य शासनाचे कर्मचारी या कार्यालयाला ओळखतात ते प्रामुख्याने निवृत्तिवेतनाच्या प्राधिकारपत्रामुळे; लेखापरीक्षण ही त्याच यंत्रणेची दुसरी, कमी परिचित बाजू आहे. लेखापरीक्षा पथक कार्यालयात जाऊन देयके, निविदा व नोंदवह्या तपासते आणि शंकास्पद बाबींवर लेखी खुलासा मागते. बहुतेक आक्षेप खुलाशानंतर तिथेच मिटतात. उरलेल्यांपैकी गंभीर तेवढेच अंतिम अहवालात परिच्छेद म्हणून येतात. हिशेब व नियमपालन यांखेरीज योजनेचे उद्दिष्ट साध्य झाले का, याचीही तपासणी केली जाते.

महाराष्ट्रातील जलयुक्त शिवार अभियानाचा अहवाल हे याचे परिचित उदाहरण आहे. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला होता. निवडक १२० गावांतील तपासणीनंतर, गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणे आणि भूजलपातळी वाढवणे या दोन्ही बाबतींत परिणाम अत्यल्प असल्याचा निष्कर्ष अहवालात काढण्यात आला. तो सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा अभियान राबवणारे सरकार जाऊन दुसरे आले होते. नव्या सरकारने चौकशी जाहीर केली. पुढे सरकार पुन्हा बदलले आणि २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला.

अहवालांचा पुढील प्रवास

अनुच्छेद १५१ नुसार केंद्राचा अहवाल राष्ट्रपतींना व राज्याचा राज्यपालांना सादर होतो आणि ते तो सभागृहापुढे ठेववतात. किती दिवसांत, हे संविधानात नमूद नाही. या एका मौनाचा लाभ वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी घेतला आहे. अनेक राज्यांत अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात, त्यामुळे चर्चेस वेळच उरत नाही. दिल्लीत अनेक अहवाल प्रलंबित राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्तांतरानंतर ते सभागृहात मांडण्यास सुरुवात झाली.

पटलावर आलेला अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. संसदेच्या या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्र्यास सदस्य होता येत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे आणि पहिला मान मुंबईत जन्मलेल्या मिनू मसानी यांना मिळाला. समिती सचिवांना साक्षीसाठी बोलावते. तिच्या शिफारशी मात्र सरकारवर बंधनकारक नाहीत, आणि शेकडो परिच्छेदांपैकी मोजकेच ती सविस्तर तपासू शकते.

वाद

विनोद राय यांच्या कार्यकाळातील २०१० चा दूरसंचार ध्वनिलहरी वाटपाचा अहवाल सर्वाधिक गाजला. त्यात संभाव्य तोट्याचे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अनेक अंदाज होते, सुमारे ५८ हजार कोटींपासून पावणेदोन लाख कोटी रुपयांपर्यंत. लोकांच्या लक्षात मोठा आकडा तेवढा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले, तर २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. या दोन निकालांत अनेकांना विसंगती दिसली. परंतु निर्णयप्रक्रिया सदोष असणे आणि विशिष्ट व्यक्तीचा गुन्हा सिद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लेखापरीक्षण पहिलीविषयी बोलते, दुसरीसाठी पुरावा गोळा करणे हे तपास यंत्रणांचे काम असते.