रायगड किनाऱ्यावरची जीप आणि तिचे मागचे ब्रेक

जुन्या जीपच्या मागच्या चाकातील ड्रम ब्रेकचा पसारा तसा लहानच असतो. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, त्याच्या आत दोन अर्धगोल शू, शूंवर रिव्हेटने ठोकलेले लायनर, शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर, पेडल सोडताच त्यांना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा आणि हे सारे ज्यावर बसते ती बॅकप्लेट. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात हे भाग उघडणे, घासणे, बदलणे हे काम जीप आली तेव्हापासून चालत आले आहे. खारी हवा, वाळू, शेतातला चिखल आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे येथे ते जितके लवकर निघते तितके देशावर निघत नाही.

ही रचना जीपपेक्षा जुनी आहे. आतून बाहेर उघडणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक फ्रान्सच्या लुई रेनो यांनी १९०२ मध्ये प्रचारात आणला. त्याआधी इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून घर्षणाच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली होती. १९०८ च्या सुमारास या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस आले आणि लायनर जळण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पेडलचा जोर सळ्या आणि केबलींऐवजी तेलाच्या दाबाने चारही चाकांपर्यंत नेण्याची पद्धत माल्कम लॉकहीड यांची. त्यांचे पेटंट १९१७ चे आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत ती पहिल्यांदा विक्रीच्या गाडीवर आली. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने १९४१ पासून विलीज जीप मोठ्या संख्येने बनवायला घेतली, तेव्हा या तिन्ही गोष्टी रुळलेल्या होत्या. जीपमध्ये त्या एकत्र आल्या.

युद्धकाळातील जीपच्या चारही चाकांना ९ इंच व्यासाचे, पावणेदोन इंच रुंदीचे ड्रम होते. ब्रेक मारताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या व्हील सिलिंडरचा व्यास १ इंच आणि मागच्याचा पाऊण इंच ठेवला होता. म्हणजे मागच्या चाकांकडून रोखण्याचे काम कमी घ्यायचे, हे मूळ आराखड्यातच ठरले होते. हातब्रेकही मागच्या ड्रममध्ये नव्हता. ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला एक वेगळा ब्रेक बसवलेला होता आणि तो चाकाला न धरता थेट प्रोपेलर शाफ्टला धरत असे. त्यामुळे जीपच्या मागच्या ड्रममध्ये केबल, लिव्हर असा पसारा नाही आणि आजच्या मोटारींपेक्षा तो उघडायला सुटसुटीत आहे. या सुटसुटीतपणाची एक वाईट बाजूही आहे. हातब्रेक धरतो आहे म्हणजे मागचे शू ठीक आहेत, असा निष्कर्ष जीपच्या बाबतीत काढता येत नाही.

ही गाडी रायगडच्या किनाऱ्यासमोरच जोडली जाऊ लागली, हा भूगोलाचा योग. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. विलीजकडून सुट्या भागांच्या रूपात ७५ जीपांची पहिली खेप १९४७ मध्ये आली आणि ३ जून १९४९ रोजी मुंबईत माझगावला जोडलेली पहिली जीप तयार झाली. ज्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते, तो धक्काही माझगावच्याच किनाऱ्याला. १९५४ मध्ये विलीजशी तांत्रिक व आर्थिक सहकार्याचा करार झाला. उंच बॉनेटची सीजे-३बी ही गाडी अमेरिकेत १९५३ ते १९६८ इतकीच बनली. भारतात मात्र तिच्या साच्यावरून निघालेल्या जीपा त्यानंतरही कित्येक दशके बनत राहिल्या. सुटे भाग मिळत राहिले, ते यामुळेच.

त्या काळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याला अशा गाडीची गरज होती. खाड्यांनी तुकडे केलेला किनारा, तरीने ओलांडायच्या नद्या, खाजणातून जाणारे बांधांचे रस्ते आणि पावसाळ्यात वाहून जाणारे कच्चे मार्ग. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकारी, आरोग्य खाते, हिवताप निर्मूलन, पाटबंधारे, खारभूमी अशा कामांसाठी जीप हे सरकारी वाहन ठरले. पुढे जुन्या सरकारी जीपा लिलावात निघत आणि त्या गावातले बागायतदार, कंत्राटदार, मासळीचे व्यापारी घेत. सरकारी डेपोत ठरल्या वेळी होणारी देखभाल तिथे संपे आणि गाडी नाक्यावरच्या गॅरेजवर अवलंबून राही.

या किनाऱ्यावर मागचा ब्रेक लवकर का जातो, याची कारणे तीन. पहिले म्हणजे पाणी आणि वाळू. ड्रम आणि बॅकप्लेट यांच्यामधली फट बंद नसते, त्यामुळे ओढा किंवा भरतीचे पाणी ओलांडताना आत पाणी शिरते. बाहेर पडताना पाणी निथळते, पण मीठ, गाळ आणि वाळू आतच राहते. दुसरे कारण मीठ. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारे वारे वाहतात. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर गंज धरतो आणि लायनर ड्रमला चिकटून चाक जाम होते. तिसरे कारण ब्रेक ऑईल. ग्लायकॉल जातीचे हे तेल हवेतली वाफ शोषून घेते. दमट हवेत त्यातले पाणी वाढते, त्याने व्हील सिलिंडरची आतली भिंत गंजते, खड्डे पडतात आणि पिस्टनचे रबरी वॉशर त्या खड्ड्यांवर घासून फाटतात.

असा ड्रम उघडला की बिघाडाची जात बहुधा नजरेनेच ओळखता येते. सिलिंडरच्या रबरी बुटाखाली ओल आणि रंग सुटलेली बॅकप्लेट दिसली तर ब्रेक ऑईल गळते आहे. लायनर काळा, तुळतुळीत आणि ग्रीससारख्या वासाचा असेल तर दोष ब्रेकचा नसून ॲक्सलच्या ऑईल सीलचा असतो. डिफरन्शिअलचे तेल नळीतून चाकापर्यंत आलेले असते. तेलात भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरण्याची खोड जुनी आहे, पण लायनरमध्ये मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा बाहेर येते. ड्रमवर गोल गोल चरे पडलेले दिसले तर लायनर झिजून रिव्हेटची पितळी डोकी ड्रमला लागली आहेत. एकाच चाकातल्या दोन शूंपैकी एक जास्त झिजलेला असणे हा मात्र दोष नव्हे. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला उघडणाऱ्या शूला ड्रम स्वतःच आत ओढतो आणि दुसऱ्याला ढकलून देतो. त्यामुळे पहिला जास्त काम करतो आणि आधी झिजतो.

दुरुस्तीतला सर्वांत अवघड भाग ड्रम काढण्याचाच. युद्धकाळातील जीपचा मागचा ॲक्सल शाफ्ट काढून हबचे नट सोडले की ड्रम हातात येत असे. सीजे-३बी मध्ये हब ॲक्सल शाफ्टच्या निमुळत्या टोकावर लोखंडी चावी घालून बसवलेला असतो आणि मोठ्या नटने आवळलेला असतो. वर्षानुवर्षे खाऱ्या हवेत बसलेला हा सांधा हातोडीने सुटत नाही. हातोडी मारल्यास धक्का शाफ्टमधून आतल्या बेअरिंगपर्यंत जातो. त्यासाठी पुलर लागतो. अनुभवी मेकॅनिक मधला नट पूर्ण काढत नाहीत, काही आटे सैल करून तसाच ठेवतात. पुलर ताणून रात्रभर ठेवला तरी चालतो. सांधा सुटतो तेव्हा मोठा आवाज होऊन ड्रम उसळतो आणि तो नट त्याला अडवतो.

पुढचे काम क्रमाने होते. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसऱ्या बाजूची मांडणी पाहायला मिळते. स्प्रिंग काढायच्या, खालच्या अँकर पिनांवरून शू उतरवायचे, सिलिंडरचा पाइप सोडायचा. सिलिंडर नुसता मळलेला असेल तर वॉशर किट पुरते, आतून खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदलावा लागतो. बॅकप्लेटवर शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावायचे. ड्रमला चरे असतील तर लेथवर आतून टर्निंग करतात, पण साधारणपणे दीड मिलिमीटरहून अधिक व्यास वाढला तर ड्रम टाकून द्यावा लागतो. शेवटी मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढायची. चाक फिरवत बॅकप्लेटमागचे ॲडजस्टिंग बोल्ट आवळायचे आणि शू घासू लागले की किंचित सैल करायचे. लायनर नेहमी दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

या कामाभोवती एक छोटा धंदा उभा राहिला होता. शू टाकून देत नसत, त्यांच्यावरचा लायनर बदलत. जुने रिव्हेट छिन्नीने उडवायचे, नवा लायनर शूवर घट्ट दाबून बसवायचा, मधल्या भोकांपासून टोकांकडे रिव्हेट ठोकत जायचे आणि शेवटी लायनरची टोके उतरती घासायची. मधून सुरुवात केली नाही तर लायनर शूपासून सुटा राहतो आणि लवकर तडकतो. लागणारा माल मुंबईहून येई. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या पेढ्या आणि कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार ही दोन ठिकाणे गॅरेजवाल्यांच्या तोंडपाठ होती. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता आणि दक्षिणेत मद्रासला १९६० च्या दशकात ब्रेक्स इंडिया, राणे ब्रेक लायनिंग यांसारख्या कंपन्या निघाल्या. परदेशी भागांवरचे अवलंबन त्यामुळे कमी झाले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आणि गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या लाँचने सकाळी मुंबईला गेलेला माणूस संध्याकाळी लायनरचा संच घेऊन परत येऊ शकत असे.

या जुन्या रचनेतला खरा धोका मात्र ड्रमच्या बाहेर होता. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर एकच आणि तोही ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली, चिखल उडेल अशा जागी. पुढच्या आणि मागच्या चाकांना तेल एकाच वाटेने जाई. त्यामुळे मागच्या एका चाकाचा वॉशर फाटला तरी चारही चाकांचे ब्रेक जात. ब्रेक ऑईल हाताशी नसताना टाकीत इंजिन ऑईल घातले, तर सगळी रबरे फुगून पूर्ण यंत्रणाच बदलावी लागे. रेवदंडा ते मुरूड किंवा म्हसळा ते श्रीवर्धन अशा चढउतारांच्या रस्त्यांवर याचा अर्थ चालकांना नीट ठाऊक होता. म्हणून उतारावर लहान गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखण्याची सवय जीप चालवणाऱ्यांत पक्की रुजली.

१९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच दशकात जीपही बदलली. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आले आणि एमएम ५४० व तिच्या लांब भावंडांनी रस्ता धरला. डिझेल स्वस्त पडू लागल्याने जीप प्रवासी वाहन झाली. आखलेल्या आसनांपेक्षा कितीतरी अधिक माणसे आत, मागे आणि टपावर बसू लागली. मागच्या ॲक्सलवर भार वाढला आणि ज्या मागच्या ब्रेकांकडून मुळात कमी काम घ्यायचे ठरले होते, त्यांच्यावर भलताच ताण आला. पुढे ड्रम मोठे झाले, ब्रेकला बूस्टर आला, तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा आल्या आणि पुढच्या चाकांना डिस्क आल्या. मागचे ड्रम मात्र टिकले. २०१० मध्ये आलेल्या थारला आणि २०२० मध्ये आलेल्या तिच्या नव्या पिढीलाही मागे ड्रमच आहेत.

बदलला तो धंदा. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर लायनरमधून ॲस्बेस्टॉस हळूहळू काढले गेले. रिव्हेटऐवजी चिकटवलेले लायनर आणि खोक्यात मिळणारे तयार शू आले आणि लायनर ठोकून देणारे कारागीर कमी झाले. पण जुन्या जीपच्या ड्रममधली धूळ अजून जुन्याच लायनरची असू शकते. ती फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर मास्क असावा.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. रायगड किनाऱ्यावरच्या एमएच-०६ क्रमांकाच्या जुन्या जीपा त्यासाठी पेणच्या परिवहन कार्यालयात तपासणीला जातात आणि तिथे ब्रेक पाहिले जातात. परंतु पाच वर्षांतून एकदा होणारी तपासणी या किनाऱ्याला पुरत नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी पावसाळा संपताच मागचे दोन्ही ड्रम उघडून धुवावेत, वर्षातून एकदा ब्रेक ऑईल पूर्ण बदलावे आणि वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गाडी घातली असेल तर त्याच दिवशी चाके गोड्या पाण्याने धुऊन, ब्रेक हलके मारत थोडे अंतर चालवून ते सुकवावेत.