चित्रेची कावड : रत्नागिरीचे दोन ज्योतिर्विद, पंचांगाचा वाद आणि एक अदृश्य बिंदू

१/ थ्रेड. रत्नागिरी जिल्ह्यातील काही घराण्यांत आजही टिळक पंचांग पाळले जाते. अधिकमासाचा हिशेब निराळा आला की त्यांचे सण शेजाऱ्यांहून महिनाभर पुढेमागे होतात. एकाच आळीत दोन दिनदर्शिका का नांदतात? या प्रश्नाचे मूळ आकाशातील एका ताऱ्यापाशी जाते. गंमत अशी, की तो तारा एक नाही, दोन आहेत.

२/ प्रथम पार्श्वभूमी. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यापूर्वी तीन वर्षे, १८५३ मध्ये, याच जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूड गावी शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ चा. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावरील मराठी ग्रंथ १८९६ चा. एका दशकात एका जिल्ह्याने ज्योतिषाच्या इतिहासाला दोन मोठे ग्रंथकार दिले.

३/ त्या काळी पंचांगे जुन्या ग्रंथांवरून होत. सूर्यसिद्धान्तातील वर्ष प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. वर्षाला साडेतीन मिनिटे म्हणजे काहीच नव्हे; परंतु हजार वर्षांत ती जवळजवळ अडीच दिवसांची चूक होते. पंचांगातले गणित व डोळ्यांना दिसणारे आकाश यांची फारकत झाली होती.

४/ टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेले ‘पटवर्धनी पंचांग’ सुरू केले. त्यांनी राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील एका मंद ताऱ्यापासून धरला. टिळकांनी हीच बाजू उचलून धरली. दुसरा पक्ष म्हणे, चित्रा हा तेजस्वी तारा १८० अंशांवर ठेवा व आरंभबिंदू त्याच्या बरोबर समोर घ्या.

५/ दोन पक्षांच्या आरंभबिंदूंत अंतर किती? सुमारे ४ अंश. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून मेषसंक्रांत चार दिवसांनी बदलते. संक्रांती सरकल्या की कोणत्या चांद्रमासात संक्रांत नाही, अर्थात अधिकमास कोणता, हेही कधीकधी बदलते. व्रते, मुहूर्त, सण सारे त्यावर अवलंबून. दीक्षित मात्र तिसऱ्या, सायन पक्षाचे. त्यांच्या मते ऋतूंशी जुळणारी गणनाच खरी.

६/ वाद कडवा होता, कारण प्रत्येकास एक पक्की, न हलणारी खुंटी हवी होती. १९०४ मध्ये मुंबईस व १९१९ मध्ये सांगलीस पंचांगशोधनासाठी परिषदा भरल्या. तरी महाराष्ट्र एका पंचांगावर आला नाही.

७/ आता युरोपात चला. साल १८९०. जर्मनीतील पॉट्सडॅम वेधशाळेत हर्मान फोगेल हा ज्योतिर्विद चित्रेचा वर्णपट तपासत होता. वर्णपटातील रेषा कधी निळ्या बाजूस, कधी तांबड्या बाजूस सरकत. तारा जवळ येऊ लागला की रेषा निळ्याकडे जातात, दूर जाऊ लागला की तांबड्याकडे. हा खेळ सुमारे चार दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

८/ अर्थ स्पष्ट होता. चित्रा कशाभोवती तरी फिरत आहे. तिला एक जोडीदार आहे, इतका जवळ की दुर्बिणीतून वेगळा दिसू नये. मात्र एक तारा स्थिर व दुसरा त्याच्याभोवती फिरणारा, असे चित्र चुकीचे. दोघेही एका मधल्या बिंदूभोवती फिरतात. तोच त्यांचा वस्तुमानमध्य.

९/ हा बिंदू समजण्यास कोकणी माणसाला कावड पुरे. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असतील तर खांदा बरोबर मध्ये येतो. एक जड असेल तर खांदा जड घागरीकडे सरकवावा लागतो. नियम इतकाच : वजन गुणिले खांद्यापासूनचे अंतर हा गुणाकार दोन्ही बाजूंस समान हवा.

१०/ पण ताऱ्यांना तराजूत कोण घालणार? येथे वेग उपयोगी पडतो. दोन्ही तारे एक फेरी सारख्याच वेळात पुरी करतात. ज्याचे वर्तुळ मोठे, त्यास जलद धावावे लागते. म्हणून वेगांचे गुणोत्तर हेच अंतरांचे गुणोत्तर, आणि ते उलटे केले की वस्तुमानांचे. पुढे जोडीदाराच्या रेषाही वर्णपटात सापडल्या आणि हे गणित चित्रेवर करता आले.

११/ मोठ्या ताऱ्याचा मोजलेला वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर, लहानाचा सुमारे १९०. हे प्रमाण जवळपास ७ : ११. म्हणजे मोठा तारा अंदाजे ११ सूर्यांइतका, तर लहान ७ सूर्यांइतका जड. दोघांतील अंतर सुमारे १ कोटी ९४ लाख किलोमीटर. त्याचे १८ भाग करा. मोठ्यापासून ७ भागांवर, म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटरांवर, कावडीचा खांदा आला. ही जागा मोठ्या ताऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर, मोकळ्या अवकाशात आहे.

१२/ तुलनेसाठी आपली पृथ्वी व चंद्र. पृथ्वी चंद्राच्या सुमारे ८१ पट जड, म्हणून त्यांचा मध्यबिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ४,६७० किलोमीटरांवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच पडतो. चित्रेच्या जोडीत असा कोणी एक वरचढ नाही.

१३/ यामुळे पंचांग चुकते काय? नाही. सुमारे २५० प्रकाशवर्षांवरून या दोघांतील अंतर एका विकलेच्या सहाशेव्या भागाएवढे भासते. संपातबिंदू मात्र वर्षाला सुमारे ५० विकला सरकतो. पण इतिहास म्हणून ही गोष्ट बोलकी आहे. रेवतीचा तो तारासुद्धा दुर्बिणीतून जोडतारा दिसतो. दोन्ही पक्षांनी ‘एक तारा’ म्हणून मानलेली खुंटी मुळात एकटी नव्हतीच!

१४/ १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली. समितीने चित्रापक्षाच्या जवळचे मूल्य घेतले : २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला. येथे आधार एका ठरावीक दिवशीच्या ठरावीक आकड्याचा आहे; पुढचे सारे गणिताने काढायचे. ज्या बिंदूवर हिशेब टेकतो, तेथे तारा दिसलाच पाहिजे असे नाही. चित्रेच्या जोडीतही न हलणाऱ्या जागी काहीच दिसत नाही.

१५/ चैत्राचे नाव चित्रेवरून आले, कारण त्या मासाची पौर्णिमा या नक्षत्राजवळ होते. एप्रिल-मेच्या रात्री सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवा. आधी स्वाती, मग निळसर-पांढरी चित्रा लागेल. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांनी आपल्या सणांची गोष्ट अवश्य कळवावी. थ्रेड समाप्त.